जंगलाचा गाभा मोजताना

पहिल्या प्रयत्नात माझ्या हातून इंदूरजवळच्या चोरलच्या खोऱ्यातलं जवळपास सगळं जंगल नकाशावरून नाहीसं झालं. उपग्रहाचं एक चित्र मार्चमधलं होतं. ढगाचा एक ठिपकाही नाही, अगदी स्वच्छ, म्हणून मी तेच घेतलं. मार्चमध्ये आपल्याकडचा साग, सालई, धावडा सगळे उघडे असतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. होळीच्या सुमारास इंदूरहून पाताळपाणीला गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. डोंगर करडा आणि मधूनमधून पळस पेटलेला. पण पडद्यावर आकडे येऊ लागले की डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडतं. दोन रात्री मी त्या नकाशावर घालवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुठल्या महिन्यातलं गं?"

मी इथल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा विषय शोधावा लागला नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, आणि शहराच्या दक्षिणेला तासाभरात पठार संपतं. सिमरोल, चोरल, महूच्या पलीकडचा जानापाव (854 मीटर), पाताळपाणी ते कालाकुंडचा घाट ही सगळी विंध्याची कड. तिथून जमीन थेट निमाडात, नर्मदेकडे उतरते. बाबा मीटर गेजच्या काळात नोकरीसाठी खंडव्याला जाऊन-येऊन असत. कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानातला कलाकंद मिळायचा, तो आमच्यासाठी आणत. त्यांच्या बोलण्यातलं जंगल "बोगद्यातून बाहेर आलो तरी अंधार" असं होतं. मी पाहते त्या जंगलात अंधार कुठे नाही. हा फरक आठवणीचा आहे की जंगलाचा, एवढंच मला मोजून बघायचं होतं.

सरकारी आकडा बघून याचं उत्तर मिळत नाही, आणि त्यात त्या आकड्याचा दोष नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987 पासून दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. वनक्षेत्रात मध्य प्रदेश देशात पहिला. 2023 च्या अहवालात 77,073 चौरस किलोमीटर. पण त्या हिशेबात वन म्हणजे काय, ते आधी समजून घ्यावं लागतं. किमान एक हेक्टर जागा आणि झाडांच्या पानोऱ्याची सावली किमान 10 टक्के. जमीन कुणाची, झाड कुठल्या जातीचं, हे बघितलं जात नाही. 70 टक्क्यांच्या वर अतिघनदाट, 40 ते 70 मध्यम घनदाट, 10 ते 40 विरळ. म्हणजे 65 टक्के सावलीचा डोंगर 45 वर आला तर तो वन तर राहतोच, त्याचा वर्गसुद्धा बदलत नाही. आणि हजार हेक्टरचं सलग जंगल चाळीस तुकड्यांत विखुरलं, तरी तुकड्यांची बेरीज तेवढीच भरली तर एकूण आकडा हलत नाही. मला नेमकं ते विखुरणं मोजायचं होतं.

हे मला स्वतःला पटलं ते चौकटीच्या वहीत. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद असा 100 हेक्टरचा चौकोन काढला. कडेचे 100 मीटर सोडले, कारण कडेला ऊन शिरतं, वारा लागतो, माती सुकते, गुरं येतात, गवत वाढतं आणि गवतातून वणवा येतो. आत उरला 800 गुणिले 800, म्हणजे 64 हेक्टरचा गाभा. आता मधोमध एक रस्ता काढा. रस्त्याखाली गेली एक-दोन हेक्टर, पण दोन्ही अर्ध्यांना नवीन कड मिळाली आणि गाभा उरला 48. आडवा आणखी एक रस्ता काढा, गाभा 36. असेच काप घालून सोळा तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात पन्नास मीटरचा एक चौकोन उरतो आणि सगळा मिळून गाभा 4 हेक्टर. वहीत जंगल अजून 90 हेक्टरच्या वर आहे! ही आकृती मी वर्गात फळ्यावर काढते तेव्हा मुलं चौथ्या आकृतीला गप्प होतात.

जगभर हेच चाललं आहे. 2015 मध्ये निक हॅडाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पृथ्वीवरच्या उरलेल्या जंगलापैकी 70 टक्के जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एक किलोमीटरच्या आत आहे. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ थॉमस लव्हजॉय यांनी 1979 मध्ये जंगलाच्या मुद्दाम राखलेल्या तुकड्यांवर प्रयोग सुरू केला. कडेची मोठी झाडं वाऱ्याने आणि कोरडेपणाने आधी मरतात, ही गोष्ट तिथे वर्षानुवर्षांच्या मोजणीतून दिसली. आपलं जंगल पानगळीचं, ते सदाहरित; तिथलं सगळं इथे लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण कडेला गुरं आणि वणवा आपल्याकडे जास्तच आहे.

तर महिन्याचा प्रश्न. हा मी इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माळव्यात काम करणाऱ्या कुणालाही तो पहिल्या दिवशी आडवा येणार आहे.

उपग्रह हिरवेपणा मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. या दोन्हींच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय नावाचा आकडा येतो, उणे एक ते अधिक एकच्या मधला. आता वर्षभराचा फेरा बघा. पावसाळ्यात सगळंच हिरवं, सोयाबीन आणि साग यांत फरक कळत नाही, शिवाय ढग. जानेवारीत गहू असा तरारलेला असतो की त्याचा आकडा सागाच्याही वर जातो. त्या महिन्यातलं चित्र घेतलं तर सिमरोलची शेतं घनदाट अरण्य ठरतात. मार्चचं तर मी भोगलंच होतं. उरतो तो मधला काळ. सोयाबीन निघालेलं असतं, गव्हाची पेरणी होत असते किंवा नुकता कोंब आलेला असतो, शेत तपकिरी, आणि सागाच्या अंगावर पानं अजून आहेत. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, साधारण तीन आठवडे. लँडसॅट या अमेरिकी मालिकेतला एक उपग्रह एका जागेवर 16 दिवसांनी परत येतो. म्हणजे वर्षातून कामाचं चित्र एक, फार तर दोन. त्यातल्या एकात दिवाळीच्या सुमाराचे ढग निघाले की ते वर्ष गेलं.

माझ्या वहीत "दिवाळीची चित्रं" असा मथळा आहे. त्याखाली वर्षांची यादी आणि प्रत्येकापुढे बरोबर किंवा फुली.

जुनं चित्र 2003 च्या आधीचंच हवं होतं. लँडसॅट 7 हा 1999 मध्ये सोडलेला उपग्रह. 31 मे 2003 ला त्याचा एक भाग बिघडला आणि तेव्हापासून त्याच्या चित्रांत तिरक्या रिकाम्या पट्ट्या येऊ लागल्या. त्याआधीचं दिवाळीचं एक स्वच्छ चित्र मिळालं तेव्हा मी खरोखर देवापुढे साखर ठेवली. 2008 पासून हा सगळा लँडसॅटचा साठा फुकट आहे, म्हणून माझ्यासारखीला घरी बसून हे करता येतं.

नवं चित्र मी सेंटिनेल-2 चं घेतलं, आणि माझी मोठी चूक इथे झाली. या युरोपीय जोडीतला पहिला उपग्रह 2015 मध्ये गेला, दुसरा 2017 मध्ये. त्याच्या चित्राचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, 10 मीटरचा. लँडसॅटचा 30 मीटरचा. नवं चित्र इतकं रेखीव होतं की दुसरं काही घ्यावंसं वाटेना. दोन्ही चित्रांवर जंगल आणि बिगरजंगल असे रंग भरले, तुकडे मोजायला लावले. तुकड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली आली. मी हादरले. रात्रीच माझ्या मार्गदर्शक सरांना संदेश पाठवला, दुसऱ्या दिवशी विभागात सगळ्यांना नकाशा दाखवला. एका सहकाऱ्यानं तर वर्तमानपत्रात द्यायची गोष्ट काढली.

सरांनी नकाशा नीट पाहिला आणि एकच विचारलं, "हा जुना घाटरस्ता 2000 मध्ये नव्हता का?"

होता. होळकरांच्या काळापासून त्या बाजूनं वाट आहे. पण दहा-बारा मीटरचा रस्ता 30 मीटरच्या चौकोनात विरघळून जातो. चौकोनात रस्त्यापेक्षा झाडं जास्त, म्हणून तो जंगल ठरतो. तोच रस्ता 10 मीटरच्या चित्रात सुरीनं कापल्यासारखा दिसतो. लँडसॅटच्या एका चौकोनात सेंटिनेलचे नऊ बसतात. त्या नऊपैकी तीन बिगरजंगल निघाले की जंगलाला भोक पडलं. मी जंगलाचं तुटणं मोजलंच नव्हतं, कॅमेऱ्याची नजर सुधारली तेवढी मोजली होती. दाखवलेल्या प्रत्येकाकडे परत जाऊन "तो नकाशा चुकीचा होता" असं मी सांगितलं. वर्तमानपत्रवाल्या सहकाऱ्यालाही. मग सेंटिनेल बाजूला ठेवला आणि नव्या वर्षासाठी लँडसॅट 8 चं चित्र घेतलं. दोन्हीकडे 30 मीटर, दोन्हीकडे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, दोन्ही वर्षांचा पाऊस बरा झालेला. आता तुकडे वाढलेले दिसले ते पहिल्याइतके भयानक नव्हते. पण ते खरे होते आणि पुरेसे वाईट होते.

डोंगरात आणखी एक अडचण येते, ती सावलीची. उपग्रह आपल्यावरून सकाळी जातो. नोव्हेंबरमध्ये त्या वेळी सूर्य आग्नेयेला, कललेला. त्यामुळे ओढ्यांच्या ज्या बाजू वायव्येकडे तोंड करून आहेत त्या अंधारात, आणि समोरची बाजू लख्ख. एकाच ओढ्याचे दोन काठ, तीच झाडं, पण संगणकाला एक काठ घनदाट आणि दुसरा पाणी किंवा जळकी जमीन वाटते. यावर उतार आणि उताराची दिशा लक्षात घेऊन उजेड सारखा करण्याच्या पद्धती आहेत. त्यासाठी उंचीचा नकाशा लागतो, आणि तो फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानानं रडारनं केलेल्या मोजणीतून मिळतो. हे करून पाहिल्यावर अंधाऱ्या काठांपैकी बरेच परत जंगलात आले. अगदी खोल घळी आल्या नाहीत. त्या मी "माहिती नाही" अशा तिसऱ्या रंगात ठेवल्या. परीक्षकांपैकी एकांना तो रंग खटकला होता, मला तो काढावासा वाटला नाही.

उताराचा परिणाम क्षेत्रफळावरही होतो. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली सपाट सावली. 30 अंशाच्या उतारावर नकाशातलं 100 हेक्टर जमिनीवर 115 च्या पुढे जातं. विंध्याच्या या कडेवर हे महत्त्वाचं आहे, कारण जंगल उरलंय ते उतारावरच. वर पठारावर नांगर, खाली निमाडात नांगर, मधे जंगलाची लांबट पट्टी. अशा पट्टीचं क्षेत्र कागदावर भरपूर भरतं, पण दोन्ही बाजूंनी कड आत सरकली की गाभा धाग्यासारखा होतो. माझ्या नकाशात नेमकं हेच दिसत होतं. एकूण जंगल कमी झालं होतं, पण गाभा त्याहून कितीतरी वेगानं.

तुकड्यांना नावं देणारी एक पद्धत आहे, पिअर सोई आणि पेटर फोग्ट या युरोपातल्या संशोधकांची. ती प्रत्येक चौकोनाला सांगते, तू गाभा, तू कड, तू आतल्या भोकाचा काठ, तू एकटं बेट, तू दोन गाभ्यांना जोडणारा पूल. यातला पूल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण कोपऱ्याला कोपरा लागलेले दोन चौकोन जोडलेले धरायचे की नाही, एवढ्या एका निर्णयावर पूल येतात आणि जातात. संगणकाला विचारून याचं उत्तर मिळत नाही. म्हणून ठरवलं, जायचं.

नमुन्यासाठी साठ जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. सोयीच्या जागा निवडल्या असत्या तर मी रस्त्याच्या कडेचंच जंगल तपासलं असतं. परवानगी मिळायला चार महिने लागले. मग आमच्याबरोबर त्या बीटचे नाकेदार आले. आपल्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. पन्नाशीचे, सडपातळ, चालताना मागे न बघणारे. माझ्या हातात जीपीएस होतं, त्यांच्या डोक्यात मुनारे होते. वनाच्या हद्दीवरचे ते दगडी मुनारे ते आकड्यांनी ओळखत. दाट झाडीत आणि घळीत जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे भटकायचं; ते थांबून सांगायचे, "मॅडम, आपका पॉइंट नाले के उस पार है."

सतराव्या जागेवर मी बराच वेळ उभी होते. संगणकानं तिथे चांगलं जंगल म्हटलं होतं, गाभ्यातलं. समोर सागाचे बुंधे होते, गुडघ्याएवढे कापलेले, जुने, वर शेवाळ. प्रत्येक बुंध्यातून पाच-सहा फुटवे आलेले आणि त्यांना सुपाएवढी पानं. तोडलेल्या सागाच्या फुटव्याला पान असं मोठं येतं. मधल्या जागेत डोक्याच्या वर गेलेली घाणेरी, तिच्या नारिंगी-गुलाबी फुलांवर फुलपाखरं. मी सागाचं एक कोवळं पान तोडून तळहातावर चोळलं, हात लाल झाला. लहानपणी बाबांनी दाखवलेली गंमत. वरून बघणाऱ्याला हे सगळं हिरवंगार आहे. एनडीव्हीआयला झाडाची उंची कळत नाही. उंची लेझरनं मोजणारं गेडी नावाचं यंत्र 2018 च्या शेवटी अंतराळ स्थानकावर गेलं, त्याची मापंही मी लावून पाहिली. पण त्याचा एक ठिपका 25 मीटरचा. 30 अंशाच्या उतारावर त्या एका ठिपक्यात जमीनच चौदा मीटर वर-खाली होते, म्हणजे झाडाएवढी. सपाट माथ्यावर ते उपयोगी पडलं, उतारावर नाही. उतारावर तिथे जाऊन बुंधे मोजण्याशिवाय मला मार्ग सापडला नाही.

उलटही झालं. नकाशात एक पूल होता, एकाच चौकोनाच्या रुंदीचा, दोन जागी फक्त कोपऱ्यानं जोडलेला. माझी खात्री होती की हा संगणकाचा भास आहे. प्रत्यक्षात तो ओढा निघाला. दोन्ही बाजूंना शेतं, आणि ओढ्याच्या काठानं अर्जुन, जांभूळ, करंज यांची सलग रांग, अर्जुनाची पांढरट खोडं पाण्यात वाकलेली. खाली ओल्या मातीत रानडुकरांनी रात्री उकरलेलं होतं, माती अजून काळी आणि ओली. खालच्या गाभ्यातून वरच्या गाभ्यात त्यांची ये-जा याच वाटेनं होती. नाकेदारांनी वाकून माग पाहिले आणि म्हणाले, "यही इनकी सड़क है." घरी येऊन मी कोपऱ्यालाही जोड मानायचं ठरवलं आणि प्रबंधात कारण म्हणून त्या ओढ्याचं वर्णन लिहिलं.

साठपैकी त्रेपन्न जागा झाल्या. उरलेल्यांपर्यंत पोचताच आलं नाही. जिथे संगणक आणि जमीन जुळली नाही त्यांचा तक्ता केला आणि त्यावरून क्षेत्राचे आकडे दुरुस्त केले. यात किती खाली-वर होऊ शकतं तेही प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता दिलेल्या जंगलाच्या आकड्यावर मी आता विश्वास ठेवत नाही, कुणाच्याही.

मागच्या नोव्हेंबरमध्ये नकाशाची मोठी छापील प्रत घेऊन नाकेदारांच्या चौकीवर गेले. त्यांनी ती खाटेवर पसरली, चारही कोपऱ्यांवर वस्तू ठेवल्या आणि बोट फिरवत आपला एकेक नाला ओळखला. बाबाही बरोबर होते. दोघांचं कालाकुंडच्या गाडीवर बराच वेळ चाललं. मग नाकेदारांनी खिशातलं पेन काढलं. सगळ्यात मोठा गाभा मी गडद हिरव्यात दाखवला होता, माझ्या मते त्या पट्ट्यातला एकमेव धड राहिलेला. त्यावर त्यांनी खालून वर एक वाकडी रेघ ओढली. "इधर से ट्रॅक्टर जाता है, मॅडम. दो साल हुए. ऊपर से पेड़ मिले हुए हैं, आपको नहीं दिखेगा."

आम्ही जाऊन पाहिलं. तीन मीटरची वाट, दोन चाकोऱ्या, मधे गवत. वर दोन्ही बाजूंच्या सागाची पानं एकमेकांत गुंतलेली. चाकोरीच्या कडेनं घाणेरीची रोपं, वीतभर उंच, जिथवर दिसत होतं तिथवर.

त्या रात्री ती रेघ मी हातानं नकाशात काढली, दोन्ही बाजूंना 100 मीटर कड धरली आणि गणित पुन्हा लावलं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. यंत्राला चाळीस मिनिटं लागतात.